चिंधीची चूल

टण्ण करून वाटी ओट्यावरून पडली आणि फरशीवर गरगरत बसली. रुचिराने धावत जाऊन ती हाताने दाबून धरली. आतल्या खोलीत मनस्वीने कूस बदलली आणि पुन्हा झोपली. हुश्श. लेक झोपेल तेवढीच दुपार रुचिराच्या हक्काची.

लॅपटॉपवर घरखर्चाच्या सर्व्हेचे आकडे उघडे होते. कर्नाळ्याच्या पायथ्याची एक वाडी. तिथल्या तीन घरांत मजुरी येत होती, पण धान्य, भाजी, तेल, सगळं शून्य. आणि चिंधी नावाच्या बाईच्या घरात माणसं दोन, तांदूळ मात्र पंगत उठावी इतका. फॉर्म सुनिताने भरलेले. गव्हाणची पोर, पहिलीच नोकरी. 'घरी बसून भरलेत. संध्याकाळपर्यंत बाद कर, तिलाही कामावरून काढू,' असा सत्यजीत सरांचा मेसेज येऊन पडला होता. रुचिरालाही तसंच वाटत होतं. न जेवता कुणी राहतं का?

तिने वाटी विसळायला घेतली. आपली नव्हतीच ती. बुडाशी आभाकाकूंचं नाव कोरलेलं. मनस्वी रोज दुपारी शेजारी त्यांच्याकडेच जेवायची आणि येताना आईसाठी आमटी घेऊन यायची. नळ तसाच वाहत राहिला. मग रुचिराने सुनिताला फोन लावला.

"सुनिता, त्या तीन घरांतली माणसं जेवतात कुठे गं?"

"चिंधीमावशीकडं. बाया उलव्याला बांधकामावर जातात ना मॅडम, पोरं तिच्याकडंच असतात. चूल एकच हाय."

"आणि तिला पैसे?"

"देतात की. ते मी 'इतर'मधी टाकलं. दुसरा रकानाच नाय." मग हळूच, "माझे फॉर्म बाद झाले काय?"

"नाही गं बाई. एकही नाही."

"मग असा आवाज काढून कशाला विचारता? मला वाटलं, गेली नोकरी."

रुचिरा कितीतरी वेळाने मोकळं हसली. आकड्यांत चारही घरं तिने एका चुलीवर आणली. तांदूळ माणसांना नेमका पुरला. 'फॉर्म खरे आहेत, सुनिता कामावर राहतेय,' तिने सरांना कळवलं. 'बरं झालं, नवी मुलगी कुठून शोधली असती,' उत्तर आलं.

डोळे चोळत मनस्वी मांडीवर येऊन बसली.

"काय करतेस?"

"घरं मोजतेय, सोनू. एका चुलीवरचं जेवतात ते सगळे एका घरातले."

मनस्वीने ओट्यावरच्या वाटीकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग मी कुठल्या घरातली?"