हनुवटीवरच्या पुळीची कैफियत

मंगळवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. त्या मिनिटाला मी जगासमोर आले.

मी रत्नमालाच्या हनुवटीवरची पुळी बोलतेय. वेळ मला बरोबर माहीत आहे. रत्नमालानं मोरीवरच्या आरशात मला बघितलं, "अगं आई गं!" म्हणून ओरडली आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. सासू द्वारकाबाईनं घड्याळाकडं बघून पुकारा केला, "सात बी वाजले नाहीत, अन् लिटरभर दूध गेलं!"

इतर वस्तू आपली कहाणी सांगताना रडतात, की आम्हाला कुणी विचारत नाही, अडगळीत टाकलं. माझं रडणं उलटं आहे. मला फार विचारतात. दाबतात, खरवडतात, उजेडात नेऊन बघतात. अहो, मला जरा विसरा की!

लोकांना वाटतं मी त्या मंगळवारीच जन्मले. साफ खोटं. मी दीड महिना आधीपासून आतच होते. कातडीला बारीक छिद्रं असतात. त्यातल्या एकात तेल साचलं, वर मेलेल्या कातडीचं झाकण बसलं आणि मी आत अंग चोरून वाढत राहिले. शेजारच्या छिद्रात दुसरी, पलीकडं तिसरी. हनुवटी आणि गाल धरून आम्ही अकरा बहिणी. आमच्या आधीचे दोन-चार दाणे सोडले, तर बाहेरून बघावं तर सगळं सपाट. आमचा बेत होता की घाई करायची नाही. पाळीच्या आधी एक, पाहुणे यायच्या दिवशी एक, आणि फोटो काढायचा असला की अगदी नाकासमोर एक.

तो बेत एका ट्यूबनं बिघडवला.

रत्नमालाची लेक अपेक्षा अडीच वर्षांची. घरात तिला आपू म्हणतात. आईच्या तोंडावरचे दाणे म्हणजे तिला दाराच्या बेलची बटणं वाटायची. एक दाबायची आणि म्हणायची, "टिंग!" रत्नमाला हसायची, पण नंतर मोरीत जाऊन तोंड निरखत बसायची. दवाखान्याचं नाव काढलं की द्वारकाबाईचं ठरलेलं, "लेकराची आई झालीस. आता कुणाला दाखवायचंय तोंड?"

म्हणून आपूला डोस द्यायला शहरात सरकारी दवाखान्यात नेलं, तेव्हा रत्नमाला हळूच कातडीच्या डॉक्टरच्या रांगेत जाऊन बसली. डॉक्टरीणबाई चांगली होती. तिनं विचारलं, "दिवस गेलेत का? बाळ अंगावर पितंय का?" दोन्हीला नाही म्हटल्यावर एक जेल दिली आणि चिठ्ठीवर मराठीत सगळं लिहून दिलं. ती समजावूनही सांगत होती. पण त्याच वेळी आपू टेबलावरचा शिक्का तोंडात घालत होती. तो काढता काढता रत्नमालाला एवढंच ऐकू आलं की दाणे जातील.

चिठ्ठी न वाचताच खोक्यात गेली. खोकं तुरीच्या डाळीच्या डब्यात, तळाला. शेंद्रा गावातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सासूचा हात पोचत नाही अशी तेवढी एकच जागा, कारण डाळ काढायचं काम सुनेचं.

आणि मग तिनं काय केलं? जास्त लावलं तर लवकर गुण येईल, असा हिशोब लावून रोज संध्याकाळी तोंडभर चोपडलं. भाकरीला लोणी लावावं तसं. दहा दिवस.

आता या जेलचं काम असं, की ती कातडीची झाडलोट भरभर करते. जुनी निघते, नवी वर येते, आणि आत लपलेल्यांना हुकूम सुटतो, चला, व्हा बाहेर! वस्तीवर टँकर आला की प्रत्येक घरातून बाया हंडे घेऊन एकदम पळतात ना, तशा आम्ही अकराजणी एकाच वेळी बाहेर पडलो. धक्काबुक्कीच झाली म्हणा.

मंगळवारी दहाच्या सुमाराला शेजारची मुक्ताबाई विरजण मागायला आली. तिनं रत्नमालाच्या तोंडाकडं बघितलं आणि वाटी खाली ठेवली.

"द्वारके, अगं तुझ्या सुनंच्या अंगावर देवी आल्याती!"

मला हसू आवरेना. मी, तेलाचा एक थेंब आणि मेलेलं कातडं, मला देवी म्हणतायत! गालावरची धाकटी तर फुगून बसली.

पण पुढं जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. द्वारकाबाईनं आतल्या खोलीच्या दाराला कडुलिंबाचा पाला बांधला. घरात फोडणी बंद, तळण बंद. दहीभाताचा नैवेद्य ठेवला. रत्नमालानं नऊ दिवस आतल्या खोलीत राहायचं. आणि आपूनं बाहेरच्या खोलीत, आजीजवळ.

"लेकराला शिवायचं नाय," द्वारकाबाई म्हणाली. "मोठ्याला झेपतंय. लेकराला नाय झेपत."

तिचंही काही चुकलं नाही. नातीच्या जिवाची तिला धास्ती होती.

कृष्णा, म्हणजे रत्नमालाचा नवरा, रातपाळी करून कंपनीतून आला होता. तो म्हणाला, "आई, दवाखान्यात दाखवू की."

"देवीला सुई चालत नाय. तू झोप."

रत्नमालाला तेव्हाच सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम. पण ते वाक्य डाळीच्या डब्यात तळाला होतं. चोरून ट्यूब आणली म्हटलं की चार दिवस टोमणे. शिवाय तिच्या मनात दुसरीच भीती बसली होती, की औषधानं आपलं तोंड कायमचं नासलं. मोबाईलवर तिनं दाण्यांचे फोटो बघितले आणि आणखी घाबरली. मग मोरीत जाता-येता हाताला लागेल ते घेऊन लागली माझ्या मागं. पहिल्या दिवशी टूथपेस्ट लावली. मला काही झालं नाही, आजूबाजूची कातडी मात्र भाजली. दुसऱ्या दिवशी लिंबू. आग आग झाली. मग बेसनानं घासलं. मग नखानं दाबलं. इथं मी तुम्हाला गुपित सांगते. दाबल्यावर मी जात नाही. मी आत खोल जाते, सुजते, आणि जाताना काळा डाग ठेवून जाते, आठवण म्हणून. माझी एक बहीण तशीच गेली. तिचा डाग अजून आहे.

इकडं घरात वेगळंच पेटलं होतं. डाळ आता द्वारकाबाईच काढत होती, पण वरवरची; तळाच्या खोक्यापर्यंत तिचा हात पोचला नव्हता. सासरा धोंडिबा ताटावर बसला आणि वरणात बोट बुडवून बघितलं.

"हे काय हाय?"

"वरण."

"वरण नाय हे. मेंढराचं पाणी हाय. फोडणी कुठंय?"

"घरात देवी हाय म्हटलं ना!"

धोंडिबाचा जन्म मेंढरांमागं गेला. आता वीसच उरलीत, पण नजर तीच. तो उठून आतल्या खोलीच्या दारात आला आणि लांबूनच सुनेला न्याहाळलं, बाजारात मेंढी न्याहाळतात तसं.

"पोरी, ताप हाय का?"

"नाय, मामा."

"सकाळी किती भाकरी खाल्ल्या?"

"...दोन."

"द्वारके, चाळीस वर्सं मेंढरांच्या देवी बघितल्या मी. देवी आली की मेंढरू मान टाकतंय, चारा सोडतंय. हिनं दोन भाकरी हाणल्या! अन् देवी काय नुसती तोंडावर येती व्हय? पोट, पाठ सगळं धरती ती."

"सुनंला मेंढरू म्हणता? लाज नाय वाटत?"

"फोडणी घाल, मग लाजतो."

मी मनातल्या मनात म्हाताऱ्याला सलाम ठोकला. घरात अक्कल होती ती त्याच्याकडंच. पण त्याचं कोण ऐकतंय?

गुरुवार उजाडला. आपूनं दोन दिवस नीट खाल्लं नव्हतं. दाराच्या फटीतून ती बाटलीचं टोपण आत सरकवायची आणि म्हणायची, "आई, घे." रत्नमाला ते परत सरकवायची. तेवढाच खेळ. त्या दिवशी टोपण आलं नाही, नुसतं रडणं आलं. आवाज बसला होता पोरीचा.

मग द्वारकाबाईचा आवाज, "कृष्णा, गाडी काढ. हिला फुलंब्रीला तुझ्या बहिणीकडं सोड. नऊ दिवस होईस्तोवर राहू दे तिकडंच."

आपूला गाडीवर बसवलं आणि गाडीला किक बसली.

मी हनुवटीवर होते, मला जवळून कळलं. हनुवटी थरथरली. मग थांबली. रत्नमाला उठली, लिंबाचा पाला बाजूला सारून थेट स्वयंपाकाच्या ओट्याशी गेली आणि डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. डाळ सगळीकडं सांडली.

"अहो, थांबा! आत्याबाई, देवी नाय आली. ही बघा ट्यूब. मी चोरून आणली. ह्याच्यानं आलंय समदं. काय बोलायचं ते मला बोला, पण माझी आपू कुठं जाणार नाय."

गाडी नुसतीच फटफटत होती. मग द्वारकाबाई हळूच म्हणाली, "म्हंजी... मी तीन दिस अनवाणी लिंबाला पाणी घातलं, ते हिच्यासाठी?" आणि माझ्याकडं बोट केलं. आयुष्यात पहिल्यांदा मला लाज वाटली.

कृष्णानं गाडी बंद केली, आपूला खाली उतरवलं, खोक्यातली चिठ्ठी काढली आणि मोठ्यानं वाचली.

"मसुरीच्या दाण्याएवढीच जेल, सगळ्या तोंडाला मिळून. सुरुवातीला तीन दिवसांतून एकदा, रात्री. वरून साधी क्रीम. दिवसा उन्हाची क्रीम, नाहीतर तोंडाला रुमाल. पहिले चार ते सहा आठवडे दाणे जास्त दिसतील. नेहमीच्याच जागी आले आणि लवकर बसले, तर घाबरू नका, आतले बाहेर पडतायत. पण नवीन जागी आले, खाज सुटली, सूज आली, तर बंद करा आणि मला दाखवा. दिवस राहिले तर लगेच बंद. दाणे फोडू नका. लिंबू, टूथपेस्ट लावू नका."

शेवटचं वाक्य वाचताना त्यानं बायकोकडं बघितलं. ती जमिनीवरची डाळ वेचायला लागली.

"एवढं लिहून दिलं होतं बाईनं," धोंडिबा म्हणाला, "अन् तुम्ही मला तीन दिस मेंढराचं पाणी पाजलं!"

आपू तोवर पळत आली होती. आईच्या मांडीवर चढली, बोट उगारलं, मला नेम धरून. "टिंग..."

रत्नमालानं ते बोट मधेच धरलं. "नाय बाळा, हे बटण दाबायचं नसतं." आणि बोटाचा मुका घेतला. मला कुणीच शिवलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा सुख लागलं. ओट्यावर मोहरी तडतडली आणि म्हाताऱ्यानं दोन वाट्या वरण ओरपलं.

टोमणे बसले, नाही असं नाही. चारऐवजी आठ दिवस बसले. पण कृष्णा तिला परत दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईनं भाजलेली जागा बघितली, आठवडाभर सगळं बंद ठेवलं, मग मसुरीएवढ्यावर आणलं. आता ट्यूब डाळीत नसते. भिंतीतल्या देवळीत असते, सगळ्यांसमोर. परवा तर द्वारकाबाई कुणी नाही बघून सुनेला विचारत होती, "रतन, हे माझ्या टाचंच्या भेगांना चालंल का गं?"

"नाय आत्याबाई. तुम्हाला दुसरं आणू. डॉक्टरला विचारून."

आज सहावा आठवडा आहे. दहाजणी कधीच गेल्या, मी शेवटची. फुगवटा उतरला, नुसता फिक्कट ठिपका उरलाय. आपूला आता माझ्यात बटण दिसत नाही. ती माझ्यावरून हात फिरवते आणि पुढं जाते. अशीच जाऊ दे मला, गुपचूप.

जाता जाता एवढं काम करा. तुमच्या गल्लीत कुणी बाई नवीन जेल लावून आरशासमोर रडत असंल, ट्यूब डाळीत लपवत असंल, तर तिला म्हणावं, आधी चिठ्ठी वाच, मग घाबर. हनुवटीवरच्या पुळीनं सांगितलंय म्हणून सांगा. आणि तिला सांगून झालं की तिच्या सासूलाही सांगा.