पहिल्या फोल्डरातलं नाव

मंगळवारी सकाळी अमेरिकेतल्या डरम शहरात, आपल्या स्वयंपाकघरात ओपल पावासारख्या मऊ, गरम बिस्किटांवर दाट पांढरी ग्रेव्ही ओतत होती. समोर तिची लेक लोर्ना. दोघींची नोकरी एकाच औषधचाचणीच्या कंपनीत, आकडेवारीचे प्रोग्रॅम लिहिण्याची. आईला मात्र मार्चमध्ये घरी बसवलं होतं.

"नव्या नोकरीच्या मुलाखतीचं काय झालं, आई?"

"म्हणाले, तुम्ही लिहिलेले मॅक्रो सांगा. सांगितले. तर म्हणे, ते ग्रेडी मॅब्रींचे आहेत. माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांचा चमचाच चोरलाय."

मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ठेवलेला कोड. नाव घेतलं की हजर. तो लायब्ररीत, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडसाठ्यात गेला की लिहिणाऱ्या बाईचं नाव पुसून विभागप्रमुख ग्रेडीचं घालायचं, ही कंपनीची जुनी रीत. पुसल्यावर केक कापत. ओपलच्या वेळी गाजराचा होता. चांगला होता, म्हणून कुणी काही बोललं नाही.

"जाऊ दे गं," ओपल म्हणाली.

"जाऊ दिलं," म्हणत लोर्नानं बिस्किट असं चावलं, जणू ते ग्रेडीचं बोट असावं.

त्या दिवशी ऑफिसात ग्रेडी ग्राहकांना 'आपली' लायब्ररी चालवून दाखवणार होता. एखादा मॅक्रो लागला की यंत्र फोल्डर ओळीनं धुंडाळतं. पहिल्यात सापडला तर पुढं बघतच नाही. लोर्नानं ओळीच्या तोंडाशी एक नवा फोल्डर लावला होता. आत आईचेच मॅक्रो, आकडे तेच. फक्त तक्त्याखाली एक ओळ जास्त.

पडद्यावर तक्ता उमटला. खाली: 'लेखिका: ओपल प्रूइट. ग्रेडी मॅब्री यांनी केक कापला.'

ग्रेडी कसनुसा हसला. "लोर्ना, हे काढ बघू."

"मॅक्रो तुमचे, सर. तुम्हीच काढा."

त्यानं लायब्ररी उघडली. प्रत्येक फाइलीत त्याचंच नाव. दुसरं काही सापडेना, म्हणून त्यानं तेच पुसलं. पुन्हा चालवलं. ओपल. पुढची फाइल पुसली. ओपल. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यानं सगळ्या लायब्ररीतून स्वतःला आपल्या हातानं खरवडून काढलं होतं.

"येतंय कुठून हे?" त्यानं घाम पुसत विचारलं.

"लेखकाला माहीत असतं," लोर्ना म्हणाली.

ग्राहकांतल्या एका बाईनं सँडविच खाली ठेवलं आणि ओपलचा फोन नंबर मागितला.

संध्याकाळी लोर्नाला कामावरून काढलं. केक नव्हता. तिनं वाटेत स्वतःच घेतला, गाजराचा, वर आईचं नाव घालून. दोघींनी नाव तेवढं ठेवून बाकीचा खाल्ला.

वाचकहो, तुमच्या ऑफिसात आज केक आला असेल, तर घास घेण्याआधी एवढंच विचारा: आज कुणाला पुसलं?