चव्वेचाळीस तास

“उद्या सकाळी नऊला हीटर चालू करा. परवा नऊला पाणी तयार,” इंजिनिअरसाहेबांनी पुस्तिका मिटत सांगितले.

ताईंनी तलावातून थर्मामीटर वर काढला, पदराच्या टोकाने पुसला आणि त्यांच्यासमोर धरला. “पंधरा. तुमच्या पुस्तिकेत बावीस धरलेत.”

पुनर्वसन केंद्रात व्यायामाचा हा तलाव नवा होता. सोमवारी सहा रुग्ण पहिल्यांदा त्यात उतरणार होते. पाणी तेहतीस अंश हवे. बत्तीसच्या खाली असेल तर एकालाही उतरवणार नाही, असे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी बजावले होते. थंड पाण्यात आखडलेले हातपाय आणखी आखडतात. सहांपैकी एक ताईंचा थोरला भाऊ होता. सुतारकाम करणारा माणूस. आठ महिन्यांपूर्वी डावी बाजू गेली, तेव्हापासून शब्द अडखळत येत आणि डावी मूठ मिटलेलीच असे.

ताई दहावीपर्यंत शिकलेल्या. कापड रंगवण्याच्या कारखान्यात एकोणीस वर्षे वाफेवर काम केले, तो बंद पडल्यावर इथे बॉयलरवर लागल्या. गणित वडिलांनी शिकवले होते, त्याच कारखान्यात, हौदाच्या कडेला उभे करून.

“एक लिटर एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी,” त्या म्हणाल्या आणि खडूने भिंतीवरच मांडायला लागल्या. “साठ हजार लिटर, अठरा अंश. झाले दहा लाख ऐंशी हजार. विजेच्या एका युनिटमध्ये आठशे साठ. म्हणजे साडेबाराशे युनिटं. हीटर तासाला छत्तीस देतो. पस्तीस तास तर नुसत्या पाण्याला.”

“नुसत्या म्हणजे?”

“तलाव कशाचा आहे? चाळीस टन काँक्रीट. ते पाण्याच्या पाचव्या हिश्शानं उष्णता घेतं, पण घेतं. त्याचे पाच तास. बाबा म्हणायचे, भांडं आधी आपलं पोट भरतं, मग पाण्याला वाढतं. वरून हवेत जाईल त्याचे चार. चव्वेचाळीस झाले.” त्यांनी घड्याळाकडे पाहिले. “आज शनिवार, एकला चालू केला तरच सोमवारी नऊला जमेल. अजून वीस मिनिटं आहेत.”

साहेब भिंतीकडे पाहत राहिले. आकडे त्यांनी मनात दोनदा फिरवले असावेत. “पण हुकूम उद्याचा आहे,” ते म्हणाले. “आणि ताई, रागावू नका. भाऊ आहे म्हणून तुमचा जीव वरखाली होतोय.”

“भाऊ नसता तरी पाणी पंधराच असतं, साहेब.”

साहेबांनी पुस्तिका पुन्हा उघडून बावीसचा आकडा पाहिला.

“मी लिहून देते,” ताई म्हणाल्या. नोंदवहीत त्यांनी हिशोब उतरवला, खाली ‘माझ्या जबाबदारीवर’ असे लिहून सही केली. साहेबांनी ती वाचली, खिशातून पेन काढले आणि शेजारी आपलीही सही ठोकली. “चुकलं तर दोघं मिळून बोलणी खाऊ,” ते म्हणाले.

बरोबर एकला हीटर सुरू झाला.

रविवारी दुपारी पारा पावणेपंचवीसवर हवा होता. तो चोवीसवर होता. ताई जरा चपापल्या. आकडेमोड पुन्हा तपासली, ती बरोबर होती. मग त्या तलावाभोवती सावकाश फिरल्या. एका कोपऱ्यात पाण्यावरचे प्लॅस्टिकचे आच्छादन गोळा झाले होते आणि वरचा पंखा उघड्या पाण्याची ऊब खुशाल बाहेर फेकत होता. त्यांनी पंखा बंद केला, गुडघ्यांवर बसून आच्छादन कडेपर्यंत ताणले. घरी फोन करून नवऱ्याला सांगितले, “दादाला उद्या तूच घेऊन ये. मी इथून हलत नाही.”

“पाणी तापतंय ना?”

“तापतंय. सरळ हिशोबाची गोष्ट आहे.”

सोमवारी नऊला पारा बत्तीसवर होता. तेहतीस नाही. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी स्वतः वाकून पाहिले आणि मान डोलावली. “चालेल,” त्या म्हणाल्या.

नवऱ्याने दादांची खुर्ची उतारावरून खाली आणली. बाईंनी त्यांना पाण्यात घेतले; घोटे, गुडघे, कंबर. उजव्या हाताने त्यांनी कठडा गच्च धरला होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती. ताई मशीनच्या खोलीच्या दारातच थांबल्या. ओठ घट्ट मिटून घेतले होते.

एकेक करून सहाही जण उतरले. बाईंनी पावले मोजायला सुरुवात केली. कोणीतरी आपल्या जावयाची तक्रार काढली, दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला. दादा ऐकता ऐकता हसले, उत्तर द्यायला शब्द शोधू लागले, आणि त्या नादात कठडा सोडून पाण्यात उभे राहिले.

पाण्याबद्दल कोणीच काही बोलले नाही.