कण्यावरचं नाव

शुक्रवार पेठेत चनमल्लप्पांच्या दुकानातून भांडं बाहेर पडायचं ते नाव घालूनच. वाटी असो की घंगाळ, ते स्वतः मशीन धरून टर्रटर्र अक्षरं कोरत. बिननावाचं भांडं शेजाऱ्याचं, हा त्यांचा हिशेब.

त्यांची सून दानेश्वरी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि दुकानामागच्या गोदामात विमान करायची. खरंखुरं, दोन माणसं बसतील असं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चनमल्लप्पा म्हणाले होते, "कर की. कुकरची शिट्टी उडते, तू पण उड." पण दुकान बंद केलं की ते गोदामात स्टूल टाकून बसू लागले. काशम्माला, म्हणजे बायकोला, सांगत, "पत्र्यावर नजर ठेवतो."

नजर सुनेच्या हातांवर असायची. लाकडी साच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून ती नायलॉनच्या हातोडीनं बेताबेतानं कड वळवायची. मग कानस, मग पॉलिश पेपर, मग बोट फिरवून बघणं.

"आत कोण बघायला येणार हाय?"

"तुमच्या डब्यांनी गिऱ्हाइकांची बोटं कापतात, मामा. इथं पंख तुटेल."

चनमल्लप्पांनी विषय बदलला.

पंखाचा कणा, म्हणजे ज्याच्या जोरावर अख्खा पंख तोलला जातो तो लांब तुकडा, मनासारखा व्हायला दिवाळी जाऊन संक्रांत उजाडली. सोमवारी विमान तपासणारे साहेब पुण्याहून येणार होते. त्यांनी बघितल्याशिवाय वरचा पत्रा चढवायचा नाही, आणि ते परत कधी उगवतील याचा नेम नव्हता.

रविवारी दानेश्वरी अक्कलकोटला माहेरी गेली. चनमल्लप्पांना राहवेना. एवढं देखणं काम, आणि वर नाव नाही? त्यांनी मशीन आणलं आणि कण्याच्या मधोमध, लग्नाच्या भांड्यांसाठी राखून ठेवलेल्या अक्षरात कोरलं: 'सौ. दानेश्वरी मल्लिनाथ यांस सासऱ्यांकडून सप्रेम भेट.' भेट त्यांनी छदामाची दिली नव्हती, पण भांड्यावर असंच घालतात.

संध्याकाळी परतल्यावर दानेश्वरीनं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"अक्षर लई सुंदर आलंय, मामा."

"मग!"

"पण हा कणा गेला."

"कुटं गेला? हितंच तर हाय."

तिनं कातरणातली एक पट्टी उचलली, खिळ्यानं ओरखडा काढला आणि त्यांच्या हातात दिली. "वाकवा. सरळ करा. परत वाकवा." थोड्याच वेळात पट्टी मोडली. बरोबर ओरखड्यावर.

चनमल्लप्पा स्टुलावर बसले. "रंग दिला तर साहेबाला दिसायचं न्हाय," ते हळूच म्हणाले, आणि मग त्यांनाच ते बोलणं ओळखीचं वाटलं. पोचा आलेली कळशी खपवताना ते असंच बोलत.

"मला माहीत असणार की." तिनं तिथूनच फोन लावला. "सर, उद्या येऊ नका. कणा नव्यानं करायचाय. माझ्याकडून चूक झाली."

माझ्याकडून! चनमल्लप्पांनी मान खाली घातली. पेठेत दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेणारं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुकान लवकर बंद होऊ लागलं. सासरा पत्रा दाबून धरी, सून ठोके घाली. घासून झाल्यावर तेच आता बोट फिरवत. "हितं खरखरतंय. परत घास."

"आत कोण बघणार आहे, मामा?"

"मी बघतोय न्हवं!"

उन्हं कडक झाली तेव्हा साहेब आले. त्यांनी नव्या कण्यावर बॅटरी मारून इंच न् इंच पाहिला आणि मान डोलावली. चनमल्लप्पा तेवढा वेळ हात पाठीमागं बांधून उभे होते. साहेब गेल्यावर सुनेनं त्यांच्यापुढं स्टीलची एक छोटी पाटी धरली.

"ही विमानाची ओळखपाटी. ही मात्र कोरूनच लावायची. विमानाचा नंबर मिळाला की तुम्हीच घाला. आणि बनवणाऱ्याचं नाव."

चनमल्लप्पांनी पाटी धोतराला पुसली. "सौ. घालू?"

"विमानाला काय करायचंय, मामा?"

नंबर यायला अजून अवकाश होता. पण त्या आठवड्यात दुकानातल्या वाट्यांवर एकच नाव उमटू लागलं, आणि काशम्मा विचारू लागली, "अय्यो, एकट्या सुनेला एवढ्या वाट्या कशाला?"