बाटलीतली गोचीड

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सरांनी सातवीच्या वर्गात गोचीड ठेवलेली काचेची बाटली फिरवली.

"फुकटचं खाऊन कशी टम्म फुगलीय," मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली. वर्ग हसला. "सर, कुणाचं रक्त प्यायलीय ही?"

"माझ्या लेकीचं," सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले. 'चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. तेल लावू नये; गुदमरून ती पोटातले जंतू रक्तात सोडते,' असं त्यांनी लिहिलं.

आठ दिवसांपूर्वी लेकीच्या कानामागे चिकटलेल्या या गोचिडीवर त्यांनीच तेल चोळलं होतं, वडील गुरांना चोळायचे तसं. हा धडा वाचताना चूक कळली, तोवर तिला ताप भरला होता.

"मग ती बरी आहे ना, सर?" त्याच पोरीने विचारलं.

"दवाखान्यात आहे. वहीत उतरवून घ्या."

शाळा सुटेपर्यंत रक्ताचा रिपोर्ट आलेला नव्हता.