धुण्याआधीचा फोटो

"आज कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही," व्हॅनमधून उतरायच्या आधीच ताईने भावाला बजावलं.

"मी कुठं लावतो? लोकच येऊन माझ्या हाताला लागतात," रेडा म्हणाला.

आई सोडून घरात सगळे त्याला रेडाच म्हणत. आखूड मान, दाराएवढे खांदे, आणि राग आला की समोर भिंत आहे की माणूस हे न बघता आत शिरायची खोड. ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. ती शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. मागच्या आठवड्यात उतारावर तिने ब्रेक दाबला, तर व्हॅन थांबायची सोडून बेडकासारखी उसळली. मागच्या बाकावरची सात वर्षांची पोर पुढच्या दांडीवर तोंडघशी आपटली. दोन दात जागच्या जागी पडले. ताईने ते रुमालात गुंडाळून तिच्या आईच्या हातात दिले, तेव्हा त्या आईने सगळ्या शाळेदेखत ताईच्या थोबाडीत दिली. ताईने ती मुकाट्याने खाल्ली.

दोष मागच्या शॉकअपचा होता. गाडीची स्प्रिंग ओझं उचलून धरते, पण थांबायचं तिला कळत नाही. एकदा हलली की हलतच राहते. तिचा कान धरायला शेजारी तेलाने भरलेली नळी असते, तिलाच शॉकअप म्हणतात. नळीतलं तेल गळून गेलं की कान धरणाराच गेला. मग चाक रस्ता सोडून उडतं, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लागून काय उपयोग?

नवे शॉकअप वॉरंटीत मिळायचे, आणि वॉरंटी आज संपत होती. याआधी ताई दोनदा इथे, कंपनीच्या वर्कशॉपात, आली होती. दोन्ही वेळा कागदावर एकच शेरा पडला: गळती आढळली नाही. काल तेलकट पातेलं घासताना तिचा हात एकदम थांबला. या वर्कशॉपात फाटकातून आलेली प्रत्येक गाडी आधी धुवायची, मग लिफ्टवर घ्यायची, मग कंपनीसाठी फोटो काढायचा, अशी रीत होती. गळती दाखवणारं तेल हे लोक आपल्याच हाताने धुऊन टाकत होते आणि मग कोरड्या नळीचा फोटो काढत होते. मुलांना त्या व्हॅनमध्ये पुन्हा बसवायचं, तर आजच्या आज तेलाचा फोटो निघायला हवा होता.

पाणीवाला होज घेऊन पुढे आला, तशी ताई मागच्या चाकाशी उभी राहिली. "धुवायची नाही. आधी फोटो काढा."

काउंटरवरचा टायवाला लगबगीने आला. "मॅडम, नियम आहे. घाण गाडी आम्ही लिफ्टवर घेत नाही."

"घाण नाही ती. तेल आहे."

"तेल असेल तर धुतल्यावरही दिसेल ना?"

"तुम्ही तोंड धुतल्यावर सकाळचा नाश्ता दिसतो का?"

पाणीवाला फिस्सकन हसला. फोरमन हसला नाही. तो उंच, हाडकुळा माणूस हात पुसत आला. ताईचा तक्रारीचा फॉर्म त्याने वाचलेला होता. पोरीच्या दातांचं तिने स्वतःच त्यात लिहिलं होतं.

"गाडी चालवता येत नाही, लोकांच्या पोरांचे दात पाडायचे, आणि खापर आमच्या शॉकअपवर," तो म्हणाला. "पाणी मार रे."

पहिला हात ताईचा उठला. शाळेसमोर गिळलेली ती थोबाडीत जशीच्या तशी फोरमनच्या गालावर उतरली. टायवाल्याच्या तोंडाचा आ झाला. फोरमनने तिचं मनगट पिरगाळलं आणि तिला चाकावर ढकललं. तिची भुवई पत्र्यावर फुटली आणि डोळ्यात रक्त उतरलं.

आता रेड्याला कोण आवरणार? त्याने डोकं खाली घातलं आणि फोरमनच्या तोंडावरच घातलं. नाक मोडल्याचा आवाज काउंटरपर्यंत गेला. दोन मेकॅनिक धावले. एकाच्या हातात टायर उचकटायची टॉमी होती. ती रेड्याच्या पाठीत बसली. तो वळला आणि त्याने टॉमीवाल्याची गचांडी धरून त्याला पान्यांच्या गाड्यावर भिरकावलं. पाने, सॉकेट, नट फरशीभर उधळले. दुसऱ्याने रेड्याच्या बरगडीत लाथ घातली, तर रेड्याने तोच पाय धरून त्याला भिंतीकडच्या टेबलाकडे फरफटत नेलं.

त्या टेबलावर दुसऱ्या एका गाडीची स्प्रिंग शिकंज्यात दाबून ठेवली होती. दीड हात लांबीची स्प्रिंग वीतभर करून, दोन आकड्यांनी जखडलेली.

"शिकंज्याला लागू नका!" रक्ताने भरलेल्या तोंडाने फोरमन ओरडला. "सोड त्याला! स्प्रिंग सुटेल!"

खाली पडलेल्या मेकॅनिकने ते ऐकलं आणि डोकं दोन्ही हातांत लपवलं. रेड्याने ऐकलं नाही. त्याचा खांदा टेबलाला धडकला, टेबल कललं, एक आकडा घसरला. बार उडावा तसा आवाज झाला. स्प्रिंग रेड्याच्या उजव्या हातावर आदळून छताच्या पत्र्यात घुसली. कोपराखालचं हाड कातडं फाडून बाहेर आलं. त्याने हाताकडे पाहिलं, लहान मुलासारखं "ताई" म्हटलं आणि व्हॅनच्या पायरीवर बसला. रक्त पायरीवरून ओघळलं.

ताईने ओढणी काढून त्याच्या दंडाला करकचून बांधली. रखवालदार फाटकाशी फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होता. ते ऐकताच फोरमनच्या लक्षात आलं, की फरशीवर जे पडलंय ते कुणी बघता कामा नये.

"सगळं धुऊन काढ! फरशी, गाडी, सगळं!"

पाणीवाला जागचा हलला नाही. मग फोरमनने होज हिसकावली आणि खटका दाबला. चिखलाचं कवच सोलून काढणारी ती धार. ताई धावत मागच्या चाकाशी गेली आणि चाकाला पाठ लावून बसली. धार तिच्या हातांवर आली. बोटांवरची कातडी साय निघावी तशी निघाली. ती किंचाळली, पण सरकली नाही. धार खांद्यावर आली, गळ्यावर आली. तिने मान गुडघ्यांत घातली आणि पाठ चाकावर आणखी दाबली.

एकदम पाणी थांबलं. पाणीवाल्याने पंप बंद केला होता.

"गाड्या धुवायला ठेवलंय मला," तो म्हणाला. "बाया सोलायला नाही."

पोलीसबाई आल्या, तेव्हा सगळे जिथल्या तिथे धापा टाकत होते. "कुणी कशाला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या माणसाने फोटो काढायला सुरुवात केली: फरशीचे, टेबलाचे, पायरीवरच्या रक्ताचे.

"पहिला हात कुणाचा?"

"माझा," स्ट्रेचरवरून रेडा म्हणाला.

"खोटं बोलतोय तो. माझा," ताई म्हणाली. "लिहा. पण बाई, माझ्या पाठीमागे काय आहे, तेही लिहा."

ती बाजूला झाली. पोलीसबाईंनी वाकून बॅटरी मारली. पंचनाम्यात ओळ आली: मागील डाव्या चाकाजवळच्या शॉकअपवरून तेल खाली ओघळलेले दिसले. खाली तारीख आणि वेळ.

त्या ओळीपुढे कंपनीला 'गळती आढळली नाही' असा शेरा मारता आला नाही. व्हॅन पोलिसांच्या ताब्यातून सुटली, तेव्हा त्याच वर्कशॉपात, नाकावर पट्टी लावलेल्या त्याच फोरमनने तिला नवे शॉकअप बसवले. गुन्हा तिघांवर नोंदला होता; फोरमनवर, ताईवर आणि रेड्यावर. रेड्याच्या हातात सळई घातली होती, आणि तीन बोटं पुन्हा हलतील की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते.

गाडी परत देतानाही धुऊनच द्यायची रीत होती. पाणीवाल्याने होज उचलली आणि ताईकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने बादली घेतली. मुलं जिथे पाय ठेवून चढतात, त्या पायरीच्या खाचांत भावाचं रक्त वाळून काळं झालं होतं. पट्ट्या बांधलेल्या हातांनी ते लवकर निघेना. तिने दोनदा पाणी बदललं.