एकशे चाळीसच्या आत

आता आपला क्रेनवाला म्हणजे कोण? बारा वर्षं टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये, वीस मजले वर, एकटा. वारा सुटला की खालच्यांचे पाय लटपटतात आणि हा वर बसून डबा खातो. पण हाच गडी घाबरायचा कशाला? तर बीपी मोजायच्या पट्ट्याला! घरी मोजलं की एकशे पंचवीस. साइटच्या दवाखान्यात दंडाला पट्टा बांधला रे बांधला, की थेट एकशे साठ. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या कशाला देऊ? तुम्हाला भीतीच चढलीय." दोनदा नापास झाला होता. गुरुवारी शेवटची तपासणी. एकशे चाळीसच्या आत आलं तर क्रेन, नाहीतर कायमचं खाली, गोडाउनात.

त्याच्या मोठ्या ताईने त्याला रविवारीच खुर्चीत बसवला. तिचा ध्यानाचा वर्ग नुकताच झाला होता, त्यामुळे उत्साह तर विचारूच नका.

"डोळे मीट. श्वासाकडे बघ. विचार आला की जाऊ दे."

"कुठे जाऊ दे?"

"तुला काय पत्ता लिहून देऊ त्याचा? बस गप!"

बसला बिचारा. पण बारा वर्षांत कामावर ज्याने डोळ्याला डोळा लागू दिला नाही, त्याला मिटल्या डोळ्यांनी कसलं चैन! पाय हलायला लागला. कान खाजला. गोडाउन दिसलं. याने मनातल्या मनात करकचून ब्रेक मारला, थांब! परत गोडाउन. परत ब्रेक. पाच मिनिटांनी ताईने पाठीत धपाटा घातला.

"अरे, श्वास बघ म्हटलं होतं, कोंडून ठेव नाही! लालबुंद झालायस!"

सोमवार, मंगळवार, बुधवार, रोज हेच. ब्रेक मारून मारून मान आखडली, आणि गुरुवार उजाडलाच.

नर्सबाईंनी पट्टा बांधला. एकशे छप्पन.

"दहा मिनिटं बसा दादा. अजून एकदा बघते, मग मात्र लिहावंच लागेल."

तो बसला खिडकीशी. समोर त्याचीच क्रेन, वर बदलीवर आलेला नवा ऑपरेटर. लोखंडी प्लेटांचा गठ्ठा उचललेला आणि तो गठ्ठा हा असा झुलतोय! नवा घाबरून ब्रेक मारतोय, गठ्ठा आणखी झुलतोय.

"अरे ब्रेक नको ना मारूस!" हा खिडकीतून पुटपुटला. "माल जातोय तिकडे तूही जा! हळूच त्याच्या डोक्यावर ये, मग तो आपोआप थांबतो..."

आणि बोलता बोलता त्याने कपाळावर हात मारला. म्हणजे चार दिवस आपण काय करत होतो?

छातीत धडधड चालूच होती. या वेळी त्याने तिला अडवलं नाही. गोडाउन आलं, येऊ दिलं. तिथला अंधार, ते टेबल, 'काय साहेब, उतरलात का जमिनीवर' म्हणून चिडवणारी पोरं, सगळ्याच्या मागोमाग गेला. चित्र या टोकाला गेलं की हाही तिथे. मागे आलं, हाही मागे. श्वास आपला आपण चालू. डोळे सताड उघडे. पाय हलतच होता, हलू दे म्हणाला. झुलणं कमी होत गेलं, पार नाही थांबलं, पण कमी झालं.

पट्टा फुगला. नर्सबाईंनी आकडा बघितला, मग चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"एकशे अडतीस. काय केलंत हो?"

"माल जातो तिकडे गेलो."

"म्हणजे?"

"सांगतो नंतर! सही कुठे करायची?"

"हळू दादा, परत चढेल!"

"चढू दे बाई, मलाही चढायचंच आहे," म्हणत हा दारातून बाहेरसुद्धा पडला. शिडीपाशी पोचेपर्यंत छाती पुन्हा धडधडायला लागली होती. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिला तशीच बरोबर घेऊन वर निघाला.